तरवड, तरोटा आणि मराठी वाचक

मराठी साहित्यात फुलांची वाण कधीच पडली नाही. वाण पडली ती झाडांची. फूल म्हणजे कोमलता, फूल म्हणजे क्षणभंगुर जीवन, फूल म्हणजे समर्पण, ही समीकरणे आपण शाळेच्या बाकावरच पाठ करतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांना महाराष्ट्राने 'फुलांमुलांचे कवी' म्हणून गौरविले. त्यांच्या प्रसिद्ध काव्याचे शीर्षक 'वनवासी फूल' एवढेच आहे; ते फूल कोणत्या झाडाचे, हे शीर्षक सांगत नाही. बालकवींची 'फुलराणी' कोणत्या जातीची कळी, असा प्रश्न कोणा शिक्षकाने वर्गात विचारल्याचे ऐकिवात नाही. ह्यात कवींना दोष देण्याचे कारण नाही. भावकवितेचे काम नुसत्या फुलावरही भागते. दोष आहे तो वाचक म्हणून आपल्याला जडलेल्या सवयीचा. फुलाविषयीची भावना पदरी असली की फुलाची ओळख असल्यासारखे आपल्याला वाटू लागते आणि मग बांधावर उभे असलेले झाड आपण पाहातच नाही.

ही सवय किती खोल गेली आहे, हे तपासावयाचे असेल तर धाराशिव जिल्ह्यासारखा प्रदेश डोळ्यांपुढे आणावा. हा कोकणासारखा हिरवागार मुलूख नव्हे. बालाघाटाच्या उघड्या रांगा, काळी जमीन, खडकाळ माळ, बेभरवशाचा पाऊस. 'तिथे कसली आली आहेत फुले?' असे पाहुणा सहज म्हणून जातो. ह्या प्रश्नाला एका ग्रंथाने १९७९ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. तो ग्रंथ म्हणजे डॉ. व्ही. एन. नाईक ह्यांचा 'द फ्लोरा ऑफ उस्मानाबाद'. तो औरंगाबादहून प्रसिद्ध झाला, त्या वेळी लातूर जिल्हा वेगळा झालेला नव्हता. ते विभाजन १९८२ सालचे. जिल्ह्याचे नाव 'धाराशिव' झाले ते तर २०२३ साली. म्हणजे ग्रंथाच्या शीर्षकातला जिल्हा आज त्या नावाने आणि त्या आकाराने नकाशावर नाही. पण त्यातली झाडे माळावर आहेत.

वनस्पतिशास्त्राचा असा ग्रंथ साहित्यसमीक्षेच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, पाहावे कसे हे शिकविणारे गद्य म्हणून हा ग्रंथप्रकार वाचण्यासारखा आहे. त्याची रीत ठरलेली असते: कुल, प्रजाती, जाती, मग खोड, पान, फूल, फळ ह्यांचे वर्णन, फुलण्याचा काळ, सापडल्याची ठिकाणे. त्यात एकही अलंकार नसतो. जाती ओळखण्यासाठी जी किल्ली दिलेली असते, ती प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय ठेवते. पाने समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? ह्या प्रश्नांची उत्तरे कल्पनेने देता येत नाहीत. त्यासाठी झाडापाशी जाऊन वाकावे लागते.

एक उदाहरण घेऊ. तरवड आणि तरोटा ही दोन नावे धाराशिवकडे सर्रास ऐकू येतात. दोन्हींची फुले पिवळी, दोन्ही एकाच प्रजातीतील, नावेही एकमेकांना खेटून उभी. शहरात वाढलेल्या मराठी वाचकाला ही दोन्ही एकच वाटली तर नवल नाही. पण तरोटा पहिल्या पावसाबरोबर उगवतो आणि वर्ष संपण्यापूर्वी वाळून जातो. त्याच्या पानाला दलांच्या बहुधा तीनच जोड्या असतात, शेंग लांब, बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते. तरवड हे वर्षानुवर्षे टिकणारे झुडूप. त्याच्या दलांच्या जोड्या पुष्कळ अधिक, फुले मोठी आणि फांदीच्या टोकाशी झुबक्याने येणारी, शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. त्याची साल कातडी कमावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पानाच्या बुडाशी त्याला कानाच्या पाळीसारखी दोन उपपर्णे असतात. शास्त्रीय नावातल्या 'ऑरिक्युलाटा' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कान असलेली' असाच आहे. ज्या विद्वानाने हे नाव दिले त्याने ते कान पाहिले होते. नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढविणाऱ्या घरांतही ते कान किती जणांनी पाहिले असतील?

एवढे गुण असूनही 'उस्मानाबादची फ्लोरा' उस्मानाबादच्या वाचकापर्यंत पोहोचली नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ती इंग्रजीत आहे आणि शास्त्राच्या अभ्यासकासाठी आहे. ज्या बाईने आयुष्यभर खुरपणी करताना तिच्यातल्या शेकडो वनस्पती हाताळल्या, तिच्या भाषेत ती नाही. ग्रंथकाराला ह्या उणिवेची जाणीव असावी, असे म्हणण्यास आधार आहे. कारण १९९८ साली, 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' ह्या द्विखंडात्मक ग्रंथाच्याच वर्षी, त्यांनी सपुष्प वनस्पतींच्या मराठी नावांचे एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी नाव आणि शास्त्रीय नाव ह्यांची अशी सांगड घालणे हे भाषेच्याही सेवेचे काम आहे. शब्दकोशांत 'एक प्रकारचे झाड' असे लिहून कोशकार मोकळे होतात. तिथे ह्या पुस्तकाचा उपयोग किती, हे अनुवाद करणाऱ्याला विचारावे.

तथापि यादीला यादीची म्हणून एक मर्यादा असते. नाव मिळाले म्हणजे ओळख झाली असे नाही. कारण नावे प्रवास करतात आणि प्रवासात झाड बदलतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे. त्याचे प्राचीन नाव 'तगर'. आपल्या परसातील पांढऱ्या फुलांच्या झुडपालाही आपण तगरच म्हणतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील तगर मात्र हिमालयात होणारी, सुवासिक मुळांची निराळीच वनस्पती आहे. चाफ्याचेही तसेच. सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, भुईचाफा आणि खुरचाफा ही 'चाफा' नावाखाली नांदणारी झाडे एका प्रजातीची नाहीत. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने वाटली जातात, हा तर दरवर्षीचा अनुभव. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला अधिक, कांचनाचे मोठे. हे एवढे मुलाला सांगितले तरी फसगत टळेल. काही वेळा चुकीची ओळख जिवावरही बेतते. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीच्या तेलात मिसळले गेले आणि १९९८ साली दिल्लीत विषबाधेने अनेकांचे प्राण गेले.

म्हणून शास्त्रीय नाव आणि लोकनाव ही दोन्ही हवीत, आणि त्यांना जोडणारे वर्णन हवे. हे वर्णन मराठीत रसाळपणे करता येते, ह्याचा दाखला दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहून दिला. बारा महिन्यांच्या त्या लेखांत झाडे नाव घेऊन येतात आणि आपापल्या वेळी फुलतात; निसर्ग नावाची धूसर देवता तिथे नाही. त्या पुस्तकाने मराठी ललितगद्याला डोळे दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. पण बालाघाटाच्या माळाचे 'ऋतुचक्र' अद्याप कोणी लिहिलेले नाही. बाभळीचे पिवळे गोंडे, माळावर पसरलेली विष्णुक्रांतेची निळी टिकली, कुर्डूचे गुलाबी तुरे, फाल्गुनात पेटणारा पळस, येडशीच्या रामलिंगाच्या रानात पावसाळ्यात वर येणारी कळलावी, हे सारे साहित्यात यावयाचे राहिले आहे.

आता हाच प्रश्न आपण आपल्या अंगणात आणू. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभच फुलाच्या नावाने झाला असे म्हणता येईल. १६१६ साली छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स ह्यांनी मराठी भाषेचा थोरपणा सांगताना फुलांतील मोगरीची उपमा दिली. ते नुसते 'फूल' म्हणून थांबले नाहीत. परदेशातून आलेल्या माणसाने ह्या भूमीतले एक नेमके फूल निवडले, म्हणून ती उपमा चारशे वर्षे टिकली. पुढे मात्र आपली भाषा सैल झाली. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू शेतातल्या फुलांकडे बोट दाखवितो. आपल्या जुन्या मराठी भाषांतरात तिथे 'भूकमळे' हा शब्द योजलेला आहे. शब्द सुरेख आहे. पण कोणत्याही मराठी शिवारात बोट दाखवून 'हे पाहा भूकमळ' असे म्हणता येत नाही. मूळ ग्रीक शब्दाने कोणते फूल अभिप्रेत होते, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गालीलच्या टेकड्यांवर वसंतात उमलणारे तांबडे रानफूल असावे, असे पुष्कळांचे मत. ते काहीही असो, ऐकणाऱ्यांच्या पायापाशी ते फूल होते, एवढे निश्चित. 'पाहा' ही आज्ञा त्यामुळेच अर्थपूर्ण होते. आपल्या भाषांतरात आज्ञा उरली आणि पाहावयाचे फूल हरपले.

ह्याच्या उलट बाजूही आहे. झाडे पाहाण्याची विद्या आपल्या धर्मगुरूंनी मोठ्या निष्ठेने जोपासली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह आजही ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर स्वित्झर्लंडचे, आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षण विभागाचे संचालकपद भूषविणारे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव स्पेनचे. दोघेही येशूसंघीय. सांतापाव ह्यांनी सामान्य वाचकासाठी 'कॉमन ट्रीज' हे छोटे पुस्तक १९६६ साली लिहिले. १९६७ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. आपल्या दफनभूमीत हमखास आढळणाऱ्या खुरचाफ्याचे शास्त्रीय नाव 'प्लुमेरिया' हेदेखील शार्ल प्ल्युमिए ह्या फ्रेंच संन्यस्त वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. इतका वारसा असून आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना त्यातले काय मिळाले? हे सारे ज्ञान इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये राहिले. आपल्या नियतकालिकांनी त्या विद्वानांचे गुणगान छापले, त्यांची विद्या मात्र मराठीत उतरविली नाही.

२०२० च्या जानेवारीत, ऐन पौषात, उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी भूषविले. वसईच्या हिरवाईसाठी झगडलेला, झाडाला शेजारी मानणारा हा धर्मगुरू त्या कोरड्या मुलखात पाहुणा म्हणून गेला, त्या दिवसांत तिथल्या शिवारात करडई फुलण्याचा हंगाम असतो. जुलै २०२४ मध्ये ते आपल्यातून गेले. वसई आणि धाराशिव ह्यांना जोडणारा तो धागा आपण नुसत्या आठवणीत ठेवावा की त्यावर काही विणावे, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

विणण्याची घाई का, हेही सांगितले पाहिजे. झाडांची लोकनावे ग्रंथांत जपली गेली त्याहून अधिक खुरपणाऱ्या बायांच्या बोलण्यात जपली गेली. काढावयाचे तण कोणते आणि भाजीला राखावयाचे कोणते, हे त्यांना नावानिशी ठाऊक असावे लागे; कुर्डू, पाथरी, तांदुळजा, घोळ ही नावे कामाच्या गरजेतून जिवंत होती. आज धाराशिवच्या शिवारात सोयाबीनचे पीक पसरले आहे आणि खुरप्याची जागा अनेक ठिकाणी तणनाशकाच्या फवाऱ्याने घेतली आहे. फवाऱ्याला नावांची गरज नसते. त्याच्या लेखी सारे तणच. गाजरगवत हे परदेशातून आलेले उपद्रवी झाड आज प्रत्येकाला नावाने ठाऊक आहे आणि तरवड ओळखणारे मात्र कमी होत चालले आहेत.

म्हणून साहित्याकडे आणि आपल्याकडेही एक साधी मागणी करावीशी वाटते. धाराशिवच्या शंभर वनस्पतींचे मराठी पुस्तक व्हावे: प्रत्येकीचे गावात बोलले जाणारे नाव, शास्त्रीय नाव, ओळखण्याची खूण, फुलण्याचा महिना, आणि तिच्याशी जडलेले घरगुती ज्ञान. नाईकांच्या ग्रंथांतील काटेकोरपणा आणि दुर्गाबाईंच्या गद्यातील ओलावा त्यात एकत्र यावा. ते होईपर्यंत प्रत्येक घराने घरापासून आरंभ करावा. अंगणात गुलबक्षी असेल तर ती किती वाजता उमलते हे मुलांकडून टिपून घ्यावे. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे, झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोचे, हे कळले म्हणजे परके आणि आपले ह्या शब्दांचा अर्थही थोडा सैल होतो. मग कुंपणाबाहेर जावे आणि आजीला, शेजारणीला, शेतावरच्या बाईला प्रत्येक झाडाचे नाव विचारून वहीत उतरवावे.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने पशूंना आणि पाखरांना नावे दिल्याचे सांगितले आहे. झाडांच्या नावांचा तिथे उल्लेख नाही. ते काम माणसांच्या पिढ्यांनी, आणि त्यातही बहुतांशी न लिहिणाऱ्या माणसांनी केले. त्यांनी दिलेली नावे लिहून ठेवणे एवढेच आपल्या वाट्याला आले आहे. तेवढे तरी व्हावे.