खेळ कुणाच्या मालकीचा? : रोलर डर्बी आणि आपली कबड्डी

आजच्या विषयाला निमित्त आहे ड्र्यू बॅरीमोर यांच्या २००९ सालच्या ‘व्हिप इट’ या चित्रपटाचं. टेक्सासमधली सतरा वर्षांची ब्लिस. आईला ती सौंदर्यस्पर्धेत हवी आहे, आणि तिला सापडते रोलर डर्बी. पायात चाकांचे बूट, लंबगोल ट्रॅक, दोन्हीकडे पाच-पाच मुली. त्यातली एक ‘जॅमर’, हेल्मेटवर चांदणी असलेली. तिनं प्रतिस्पर्ध्यांना ओलांडून जायचं, प्रत्येकीमागे एक गुण. चौघी तिला अडवणार. चढाई आणि पकड ज्यांनी लहानपणापासून पाहिली, त्या पेण-रोह्याच्या श्रोत्यांना यापेक्षा जास्त काय सांगायचं?

चित्रपट प्रामाणिक आहे. नायिकेचा संघ शेवटी हरतो आणि तरीही जल्लोष करतो, हे मला फार आवडलं. माझा आक्षेप वेगळा आहे. मुली धडका देतात, पडतात, उठतात, आणि हीच मुक्ती असं आपण मानून घरी जातो. प्रशिक्षक पुरुष, निवेदकही पुरुष. हिशेबाची वही कुणाकडे आहे, हे कॅमेरा विचारत नाही.

प्रत्यक्षात भांडण त्या वहीचंच होतं. ऑस्टिन शहरात २००१ मध्ये हा खेळ नव्यानं उभा राहिला. २००३ मध्ये कारभारावरून फूट पडली, बऱ्याच खेळाडू बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःच्या मालकीची लीग काढली. उतरत्या कडांच्या बांधीव ट्रॅकऐवजी त्यांनी सपाट जमीन निवडली. हा फरक नुसता तांत्रिक नाही बरं का. बांधीव ट्रॅकला भांडवल लागतं, आणि भांडवलामागून मालक येतो. सपाट ट्रॅक दोर आणि चिकटपट्टीनं कुठल्याही सभागृहात आखता येतो. २००४ मध्ये अशा लीगांची संघटना झाली. नियम मतदानानं ठरतात, आणि मत खेळाडूंचं. तत्त्वज्ञानात स्वायत्तता म्हणतात ती हीच: जो नियम मी पाळते, तो करण्यात माझा हात आहे.

मग साधनं स्वस्त झाली की सत्ता आपोआप हाती येते का? आपला जिल्हा याचं उत्तर ‘नाही’ असं देतो. कबड्डीहून स्वस्त खेळ कुठला? भात कापून झालं, शेत साफ केलं, फक्कीनं रेषा मारल्या, मैदान तयार. मुली खेळतात, उत्तम खेळतात. २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. पण गावच्या मंडळाची सभा भरते रात्री जेवणं झाल्यावर, देवळाच्या ओट्यावर. तेव्हा ही मुलगी घरी भांडी घासत असते. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीनं महिलांच्या तीन संघांची स्पर्धा झाली. पुढच्या हंगामात ती नव्हती! ज्यांचा खेळ, त्यांच्या हाती तो निर्णय नव्हता.

आता दुसरी बाजूही पाहू. डर्बीच्या खेळाडू वर्गणी भरतात आणि फावल्या वेळात फुकट राबून लीग चालवतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हे कसं परवडावं? आपल्याकडे महिला क्रिकेटची स्वतंत्र संघटना १९७३ पासून होती. २००६ मध्ये ती बीसीसीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा तिच्या सचिव होत्या माजी कर्णधार, पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. त्यानंतर पैसा आला, सोयी आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. पण स्वतःच्या संघटनेतली निर्णयाची खुर्ची गेली. मालकी आणि मिळकत यांतलं एकच निवडा, असं बायकांनाच का सांगितलं जातं?

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. मंडळाची सभा संध्याकाळी सरावानंतर मैदानावरच घ्या. समितीत निम्म्या जागा खेळणाऱ्या मुलींना द्या आणि खर्चाची वही त्यांच्यासमोर उघडा. त्याला पैसा लागत नाही. मग काय अडतं, ते प्रश्नोत्तरांत तुम्हीच सांगा.