भरवसा आणि चूल

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण मराठीत कोणी भक्तिभावाने उच्चारीत नाही. आळशाला टोमणा मारायचा असला म्हणजेच ती तोंडी येते. आमच्या आटगावाकडे, शहापूर आणि मुरबाडच्या या डोंगराळ मुलखात, पाऊस देवाच्या हाती आहे असे लहानथोर सगळेच म्हणतात. पण तसे म्हणणारा शेतकरी उन्हाळ्यात राब भाजायचा विसरत नाही. देवाचे काम देवाकडे आणि आपले आपल्याकडे, अशी ही सरळ वाटणी आहे. अशा माणसाला ‘सगळे देवावर सोड’ असा उपदेश कोणी केला तर तो हात जोडील, मान डोलावील आणि कोयता घेऊन आपल्या कामाला जाईल.

ख्रिस्ती धर्मात या भरवशाला फार मोठे स्थान आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देऊन उद्याची चिंता करू नका असे सांगतो. ऐकायला हे किती गोड आहे! परंतु प्रवचन ऐकून घरी परतणाऱ्या बाईला डब्यात पीठ किती उरले आहे ते ठाऊक असते. पाखरांना भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत, त्यांचे काय जाते, असे तिच्या मनात आले तर तो अश्रद्धपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. भरवशाची खरी परीक्षा याच प्रश्नापाशी होते. आणि मराठीत या प्रश्नाला ज्या पुस्तकाने अंगावर घेतले, ते धर्मशास्त्राचे पुस्तक नाही. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’.

१९३४ पासून हे आत्मचरित्र भागाभागांनी प्रसिद्ध झाले. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या आणि शेवटचा भाग त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती आला. तेव्हापासून आजवर या पुस्तकाचे कौतुक दोन प्रकारे होत आले आहे. कोणी त्यातल्या निर्मळ विनोदाला आणि घरगुती भाषेला दाद देतात, तर कोणी त्याला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्राचे साधन समजतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी पण देवावर भरवसा ठेवणे म्हणजे रोजच्या संसारात नेमके काय करणे, याची इतकी कसून चौकशी मराठीत दुसरीकडे झालेली मला आढळली नाही. आज त्याच अंगाने या ग्रंथाकडे पाहावे असा माझा विचार आहे.

टिळकांची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्म, नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी अध्ययन, पुढे नागपूर आणि राजनांदगाव. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्याबद्दल आणि धर्माबद्दल गप्पा मारल्या, ‘नवा करार’ हाती दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. एखाद्या उपदेशकाच्या हाती हा प्रसंग पडला, तर ईश्वरी योजनेचा याहून ठसठशीत पुरावा त्याला नको. गाडी देवाने धाडली, डबा देवाने निवडला आणि सोबतीही देवानेच बसवला!

लक्ष्मीबाईंच्या बाजूने मात्र ती गाडी निराळी दिसते. ज्या दिवशी टिळकांना देव सापडला, त्या दिवशी त्यांच्या बायकोचा आधार गेला. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या घरी दिवस काढणे तिच्या वाट्याला आले, आणि हा विरह दिवसांचा किंवा महिन्यांचा नव्हता, तो काही वर्षांचा होता. एकाच घटनेत एकाला योजना दिसावी आणि दुसऱ्याला उत्पात दिसावा, असे या पुस्तकात वारंवार घडते. लेखिकेचा मोठेपणा असा, की ती एक दृष्टी खोडून दुसरी मांडीत नाही. टिळकांचा आनंद तिला कळतो, आणि आपण किती रडलो हेही ती सांगते.

एक गोष्ट सावध वाचकाच्या ध्यानात येईल. टिळकांचा निष्काळजी उदारपणा बाप्तिस्म्यानंतर उपजलेला नाही. न सांगता घरातून निघून जाणे, हाती आले ते समोरच्याला देऊन टाकणे, बाजारात एक वस्तू आणायला जाऊन भलतीच घेऊन येणे, हे सगळे ते हिंदू असतानाही चालूच होते. मग पुढे याच वृत्तीला ‘देवावरचा भरवसा’ म्हणायचे, की स्वभावाला मिळालेले ते एक पवित्र नाव समजायचे? लक्ष्मीबाई याचा निवाडा देत नाहीत. त्या प्रसंग सांगतात आणि हसतात. त्या हसण्यात नवऱ्याबद्दलची माया आहे आणि झालेल्या खर्चाची नोंदही आहे. पैसा गेला किती, घरात राहिले काय आणि संध्याकाळी चूल पेटली कशी, हा हिशेब हसता हसता त्या मांडून जातात. स्तुतिपर चरित्रे लिहिणाऱ्यांनी ही विद्या त्यांच्याकडून अवश्य शिकावी.

आता खुद्द लक्ष्मीबाईंकडे वळू. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी. तिच्या वडिलांच्या कडकडीत सोवळ्याची वर्णने वाचून आपल्याला हसू आवरत नाही. बाहेरून येणारी वस्तू बाटलेलीच असणार, म्हणून धुवा, पुन्हा धुवा! पण जरा थांबून विचार केला, तर हे सोवळे म्हणजे भरवशाच्या नेमकी उलट बाजू आहे असे दिसून येते. दारापलीकडच्या जगाचा, माणसाचा, त्याच्या हातच्या पाण्याचा त्यात विश्वासच नाही. अशा घरातून निघालेली मुलगी पुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागते, हा ‘स्मृतिचित्रे’तला खरा प्रवास आहे. तो एखाद्या व्याख्यानाने घडलेला नाही. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे निराळेच ठेवले होते. देवाने माणसांच्या जाती निर्माण केल्या असतील काय, हा विचार त्यांनी आपल्या बुद्धीने केला, सोवळ्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडली आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आधी माणसांवर भरवसा बसला आणि त्या वाटेने देवावर बसला, असा हा क्रम आहे. धर्मोपदेशक तो बहुधा उलटा सांगतात.

१८९९-१९०० चा दुष्काळ याच सुमाराचा. टिळकांनी निराधार पोरे घरी आणली. ‘देव पुरवील’ हे वाक्य येथे निराळ्याच अर्थाने खरे ठरते. देवाने धान्याची पोती आधी धाडली नाहीत. खाणारी तोंडे आधी धाडली. त्यांना न्हाऊ घालणे, त्यांची दुखणी काढणे, त्यांना जेवू घालणे हे लक्ष्मीबाईंच्या अंगावर पडले. आकाशातल्या पाखरांना कोण खाऊ घालतो, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात रोज दोन वेळा द्यावे लागत होते, आणि ते उत्तर हाताला चटके बसवणारे होते.

याच काळात केडगावला पंडिता रमाबाई हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करीत होत्या. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवली होती, आणि त्यांचा आदर्श रमाबाईंपुढे होता. मौज अशी, की हे म्युलर जमाखर्चाच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते. मिळालेल्या देणग्यांचे हिशेब ते छापून प्रसिद्ध करीत. रमाबाईंनीही १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या त्या नुसत्या प्रार्थनेला बसवण्यासाठी नव्हेत. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला आणि मुलींना हातचे काम शिकवले. देवावर सर्वांत अधिक भरवसा टाकणारी ही माणसे वही आणि कुदळ यांच्याशी इतकी जवळीक ठेवतात, हे खाटल्यावरच्या हरीची वाट पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा विषय आमच्या भागात पुस्तकी राहत नाही. आटगाव स्टेशनपासून जवळच तानसा तलाव आहे. १८९२ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. भातसा धरणही याच तालुक्यातले. पावसाळ्यात इथे आभाळ असे कोसळते, की देवाने हात आखडता घेतला असे कोणी म्हणू नये. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. देवाने दिलेच नाही, ही येथील तक्रार नाही. दिलेले कोठे गेले आणि वाटले कोणी, हे विचारायचे आहे. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला ‘भरवसा ठेव’ असे सांगणाऱ्याने निदान तो हंडा हाती घेण्याची तयारी ठेवावी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हे पुनःपुन्हा आठवते, कारण लक्ष्मीबाईंचा भरवसा रिकाम्या हाताने उपदेश करीत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावता येणार नाही. आजची वाचक मुलगी विचारील: नवऱ्याने सोडून जावे, पगार वाटून टाकावा, आणि बायकोने निभावून न्यावे, यालाच तुम्ही भरवसा म्हणता काय? हे तर सोसणेच! १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या मार्गाला ते लागले. कवीला आणि भक्ताला हे शोभून दिसते. पण त्या निर्णयाचे ओझे एकट्या टिळकांनी वाहिले नाही. आक्षेपातला हा भाग मला मान्य आहे. मात्र लक्ष्मीबाई मुकाट्याने सोसणाऱ्या बाई आहेत, हे मान्य करता येणार नाही. त्या भांडतात, रुसतात, अडवतात, शक्कल लढवतात आणि शेवटी सगळे लिहून ठेवतात. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिने नवऱ्याच्या थोरवीबरोबर त्याचे दोषही जगापुढे ठेवावेत, ही गोष्ट लहान नाही. टिळकांची पदे आणि अभंग ख्रिस्ती मंडळी उपासनेत आजही गातात. त्या पदांमागच्या घरात काय शिजत होते, ते सांगायला मात्र हे गद्यच लागले.

पुस्तकात उणे नाही असे नाही. बाईंच्या मनाचे मोठे वळण आपल्याला फार त्वरेने ओलांडून जावे लागते. त्या देवाशी एकांतात काय बोलल्या, शंका कोठे अडली, कोणत्या रात्री मन मागे फिरले, हे जाणून घ्यावेसे वाटते आणि लेखिका तोवर पुढच्या गमतीदार प्रसंगाकडे वळलेली असते. विनोद हे त्यांचे मोठे सामर्थ्य खरे. पण कधी कधी तो पडद्याचेही काम करतो. शेवटचा भाग तर त्यांच्या हातून पुरा होऊ शकला नाही.

आणि तरीही जेथे स्पष्टीकरण देण्याचा मोह कोणालाही होईल, तेथे ही बाई संयम पाळते. टिळकांच्या घरात मुलासारखे वावरलेले बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात आगगाडीखाली सापडून गेले. पुढच्याच वर्षी ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. एका आगगाडीने या घराला नवा धर्म आणून दिला होता आणि दुसरीने घरचा एक कवी नेला. पहिल्या गाडीत ईश्वरी योजना पाहणाऱ्याने दुसरीबद्दल काय म्हणावे? सोपी उत्तरे पुष्कळ आहेत. देवाला फुले आवडतात, त्याने उमलते फूल खुडले, असे आपण सांत्वनाच्या पत्रात लिहितो. लक्ष्मीबाईंची लेखणी अशा वाक्यांच्या वाटेला जात नाही. दुःखाचा अर्थ आपल्याला कळला आहे असा आव त्यांनी आणला असता, तर पुस्तकातल्या बाकीच्या भरवशावर माझा तरी विश्वास बसला नसता.

दिवाळीच्या सुटीत घरात चार माणसे जमतात. अशा वेळी या ग्रंथातली पाचदहा पाने मोठ्याने वाचून पाहावीत. सोवळ्याच्या गोष्टींना पोरे खदखदून हसतील. टिळकांच्या बाजारहाटाचे वर्णन ऐकून घरातल्या पुरुषांकडे बायका सूचकपणे पाहतील. दुष्काळातल्या पोरांचे प्रकरण निघाले, की आजी बहुधा गप्प होईल. तिला त्यातले पुष्कळसे न वाचताच ठाऊक असते. वाचन संपल्यावर तिला विचारावे, की वाईट वर्षात तुम्ही कसे निभावलेत. ‘देवाने निभावले’ असे ती म्हणेल, आणि मग शेजारच्या कोणी पायलीभर तांदूळ दिले, कोणी उधारी थांबवली, कोणाचे पोर आपल्या पानावर जेवले, याची नावानिशी यादी सांगू लागेल. ती यादी नीट ऐकून घ्यावी, जमल्यास लिहून ठेवावी.