जुगारातील प्राप्ती आणि करन्याय : नंदुरबारच्या संदर्भात

लॉटरी व जुगारातील प्राप्तीचा समावेश आयकर अधिनियम, १९६१ मधील ‘उत्पन्ना’च्या व्याख्येत १९७२ साली झाला. पुढे कलम ११५ बीबीनुसार तीवर ३० टक्के दर आला. किमान करमुक्त मर्यादेचा लाभ नाही. कलम ५८(४)मुळे तिकिटांचा खर्चही वजा होत नसे. २०२५ च्या अधिनियमानेही हाच दर ठेवला. ही समानता वरवरची आहे. अक्राणीतील मजुराच्या मोठ्या बक्षिसावरही धनिकाचाच मूळ दर लागतो. कलम १०(२६)ची सूट ईशान्य भारत व लडाखमधील विनिर्दिष्ट क्षेत्रांतील अनुसूचित जमातींपुरती होती. पाचव्या अनुसूचीतील अक्राणीस ती नव्हती. उच्च दराचा हेतू जुगारास आळा घालणे हा मानावा, तर १९६९ साली राज्याने स्वतःच लॉटरी सुरू केली. म्हणून निदान करमुक्त मर्यादेचा लाभ देणे न्यायोचित ठरते.