‘कोसला’तील परतीचा अन्वयार्थ

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास जातो आणि परीक्षेत अपयशी ठरून सांगवीस परततो. हा शेवट वरवर पराभवाचाच दिसतो. परंतु संपूर्ण निवेदन पंचविशीतल्या, म्हणजेच परतलेल्या पांडुरंगाचे आहे, ही बाब येथे निर्णायक होय. वसतिगृह, मेस, संमेलने यांची ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ अशा शब्दांनी तो जी खिल्ली उडवतो, ती दृष्टी पुण्यातल्या धडपडणाऱ्या पांडुरंगाजवळ नव्हती. परतीनेच ती त्याला दिली. धाकट्या मनीचा मृत्यू मात्र या उपरोधात मावत नाही. तेथे निवेदनाचा सूरच पालटतो. वडिलांशी असलेला ताण घरी आल्यावरही मिटत नाही, आणि नेमाडे तो मिटवण्याची घाईही करत नाहीत.