लेखनकक्ष : एक परीक्षण

नव्या घराच्या वास्तुशांतीला जो जेवायला येतो, तो समीक्षक होऊनच येतो. पुस्तकाच्या परीक्षकाला पुस्तक फुकट मिळतं, घराच्या परीक्षकाला वरणबट्टी आणि जिलेबी. त्यामुळे दुसऱ्या प्रकारची समीक्षा जास्त मोकळेपणानं होते. आमच्या वास्तुशांतीला मेहकरच्या मामांनी चपला काढता काढताच स्वयंपाकघर आग्नेयेला नसल्याचं जाहीर केलं. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं भिंतीवर टिचकी मारून "प्लास्टर पोकळ वाजतंय" असा शेरा दिला आणि त्याच हातानं तिसरी जिलेबी उचलली. एकानेही घर पूर्ण पाहिलं नाही. पण पुस्तक पूर्ण वाचून परीक्षण लिहिणारे तरी कितीसे असतात! मी स्वतः आमच्या युनियनच्या दिवाळी अंकात सहा वर्षं पुस्तक परीक्षणं लिहिली आहेत. त्यामुळे या विषयावर अधिकारवाणीनं बोलू शकतो.

तेव्हा म्हटलं, लोक करतातच आहेत तर आपल्या घराचं परीक्षण आपणच करावं.

बुलढाण्यात, चिखली रस्त्याच्या अंगाला एका नव्या ले-आउटमध्ये 1200 चौरस फुटांचा प्लॉट. गाव उंचावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. म्हणून हवा चांगली, आणि हवा चांगली म्हणून प्लॉटचे भाव वाईट. या कृतीत हॉल आहे. तो प्रस्तावनेसारखा, म्हणजे घरातल्यांसाठी नाही, परक्यांसाठी. देवघर ही अर्पणपत्रिका. स्वयंपाकघर हा मुख्य मजकूर, ज्यावर परीक्षक फारसं लिहीत नाहीत. आणि जिन्याखालची जागा म्हणजे शुद्धिपत्र. अगदी शेवटी, बारीक टाइपात, कुणी न वाचावं अशा बेतानं छापलेलं. त्या शुद्धिपत्राकडे मला नंतर यावं लागणार आहे.

या घराचा नायक मात्र लेखनकक्ष. 9 बाय 8 फुटांची खोली, पूर्वेला खिडकी, डाव्या हातानं उजेड येईल असं सागवानी टेबल, एका भिंतीला काचेची दारं असलेलं पुस्तकांचं कपाट. दारावर पितळी पाटी, 'लेखनकक्ष'. पाटी खामगावहून करून आणली. चांदीच्या गावाला जाऊन पितळ घेऊन आलो, याला प्रामाणिकपणा म्हणतात. गवंडी तेवढा साशंक होता. म्हणाला, "साहेब, एवढी मोठी खिडकी काहून ठेवता? जिथी खिडकी तिथी वारं. तुमचे कागद उडतीन ना!" त्याला काय कल्पना, की उडायला आधी कागदावर काही असावं लागत नाही. कोरेही उडतात.

खोली मंजूर करून घ्यायला घरात मी एक आधार दाखवला होता. कर्जाच्या प्रस्तावाला जसा जामीनदार लागतो तसा. माझी जामीनदार होती व्हर्जिनिया वुल्फ. तिचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक 1929 साली निघालं. लिहायचं असेल तर स्वतःची एक खोली हवी आणि वर्षाला 500 पौंड हवेत, हे तिचं सांगणं कॉमर्सच्या पदवीधरालाही पटण्यासारखं आहे. साहित्यावरच्या किती पुस्तकांत रक्कम दिलेली असते! सौ.ला मी म्हटलं, "एवढी मोठी बाई सांगतेय, लेखकाला खोली लागते. पौंडांचं बँक बघून घेईल."

सौ. म्हणाली, "बरं." लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर 'बरं' या शब्दाला जितक्या छटा येतात तितक्या मोल्सवर्थलाही सापडल्या नसत्या.

खोलीत राहायला गेलो. पहिल्या आठवड्यात पेन्सिलींना टोकं काढली. दुसऱ्या आठवड्यात पुस्तकं विषयवार लावली, मग उंचीवार, कारण विषयवार लावल्यावर दात पडलेल्या माणसासारखी दिसत होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांना नंबर घातले. बँकेत टेबल-खुर्च्यांचं जे डेड स्टॉक रजिस्टर असतं, तसं एक केलं. इथे एक कबुली. ज्या माणसाला पुस्तकासाठी घर लागलं त्याचं उदाहरण आपल्याकडे आहे, ते म्हणजे दादरच्या हिंदू कॉलनीतलं बाबासाहेब आंबेडकरांचं 'राजगृह'. 1930 नंतरच्या त्या वर्षांत ते बांधलं तेव्हा ग्रंथांसाठी वरच्या मजल्यावर जागा राखली होती. पुस्तकं आधी वाढली, मग घर वाढलं. आमच्याकडे कपाट आधी आलं, आणि त्याचे दोन खण भरेनात म्हणून मी त्यात जुन्या डायऱ्या आणि एक पितळी हत्ती ठेवला.

चौथ्या महिन्यात माझ्यातला बँकवाला जागा झाला. 90 दिवसांहून अधिक काळ कर्जाचा हप्ता किंवा व्याज थकलं की ते खातं अनुत्पादक, एनपीए. लेखनकक्षात घातलेल्या पैशावर तीन महिन्यांत एक ओळ व्याज आलं नव्हतं. नियमानं खोली एनपीए झाली होती. वसुलीची नोटीस कुणाला द्यायची, एवढाच प्रश्न होता.

नोटीस आली मुलीकडून. ती अकरावीत. माझं ते जामीनदार पुस्तक ती एका रविवारी कपाटातून काढून घेऊन गेली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही हे वाचलंय ना?"

"म्हणजे काय!"

"मग हे बायकांबद्दल आहे, हे आईला का नाही सांगितलं?"

आता सांगतो. मी त्या पुस्तकाचं नाव वाचलं होतं, मलपृष्ठ वाचलं होतं, आणि 500 पौंड वाचले होते. परीक्षण लिहायला इतकं पुरतं. घर बांधायला पुरेल असं वाटलं होतं. त्या रात्री ते प्रथमच वाचलं. बाईंनी 1928 साली केंब्रिजमधल्या मुलींच्या दोन कॉलेजांत दिलेल्या व्याख्यानांवरून ते झालंय. बाई आणि कथावाङ्मय हा विषय. शेक्सपिअरला तितकीच हुशार बहीण असती तर तिचं काय झालं असतं, अशी एक गोष्ट तिनं त्यात रचली आहे. शेवट वाईट आहे. आणि ते 500 पौंड? पुस्तकातल्या निवेदिकेला ते मावशीकडून मिळतात. ही मावशी मरते कुठे, तर आपल्या मुंबईत, हवा खायला निघाली असता घोड्यावरून पडून. मुंबईची हवा एका इंग्रज बाईला इतकी लाभली, हे मराठी वाचकांना कुणी नीट सांगितलेलं नाही.

थोडक्यात, ज्या पुस्तकाच्या जोरावर मी खोली बळकावली, ते पुस्तक सौ.च्या बाजूचं साक्षीदार निघालं.

सौ. काय करते हे सांगायचं राहिलंच. राहिलंच, यातच सगळं आलं. ती शिवते. ब्लाउज, फॉल-पिको, झबली, आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. या गोधड्यांचे टाके तिच्या आईचे आहेत, म्हणजे तिच्याकडून आलेले. रंग कुठला कुठल्याशेजारी जाईल याचा विचार ती चार-चार दिवस करते. इतका विचार मी विशेषणांचा कधी केलेला नाही. नव्या घरात तिच्या मशीनची जागा होती शुद्धिपत्रात. जिन्याखाली, जिथे बसताना मान आपोआप नम्र होते, 9 वॉटच्या बल्बखाली. काळ्या कापडावर काळा दोरा घालताना ती अंगणात जायची. चिंध्यांची गाठोडी पलंगाखाली, कात्री फ्रिजवर, खडू देवघरात. बँकेत ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. तिचा सगळा व्यवसाय घराच्या सस्पेन्स खात्यात होता आणि मी तो एकवीस वर्षांत कधी टॅली केला नव्हता.

मुलगी एवढ्यावर थांबली नाही. तिला वाचनालयातून दुसरं पुस्तक मिळालं होतं. "हे आपल्या बुलढाण्याचं आहे," म्हणून तिनं ताटाशेजारी ठेवलं. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना'.

हे नाव मला माहीत होतं, म्हणजे भाषणांच्या यादीत ऐकलेलं. पुस्तक 1882 चं. वुल्फबाईंच्या आधी 47 वर्षं. ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे इथल्याच डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. हे वाचून मला एकदम घरचं वाटलं. क्लार्कच्या घरातून काही निघू शकतं याचा पुरावा मी बरीच वर्षं शोधत होतो. गावात मुलींची शाळा नसताना त्यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. नवरा घरजावई. चार भाऊ. निमित्त झालं 1881 च्या सुरतेच्या खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेनं आपलं अनौरस मूल मारलं म्हणून तिला फाशी झाली, पुढे अपिलात जन्मठेप काळ्या पाण्याची. त्यावरून वृत्तपत्रं सगळ्या बाईजातीला नावं ठेवू लागली, आणि बुलढाण्याच्या घरात बसलेल्या या बाईनं लेखणी उचलली.

पुस्तक म्हणून पाहिलं तर त्याला आकार नाही. प्रकरणं नाहीत, मांडणी नाही. देवापासून सुरुवात करून ती पुरुषावर येते, मधेच राजांवर, मधेच सुधारकांवर, मधेच तेव्हाच्या कथा-नाटकांतल्या बायकांवर. पण बाईवर ठेवलेला एकेक आरोप घेते, पुरुषाशेजारी ठेवते, आणि शिल्लक काढते. हे जमाखर्चाचं पुस्तक आहे, माझ्या धंद्यातलं. भाषा तर अशी की समोर बसवून झापतेय. टेबलावर बसून लिहिलेल्या गद्यात हा जोर येत नाही, असं माझं मत झालं. लगेच वाटलं, हे मत सोयीचं आहे. बाईला टेबल न देता तिच्या गद्याच्या जोराचं कौतुक करायचं, म्हणजे तिला अंगणात शिवायला लावून तिच्या नजरेची तारीफ करण्यासारखं. मी ते मत खोडलं.

पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात 500 प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. पाचशेचा आकडा पाहून हात शिवशिवला. सगळ्या प्रती विकल्या गेल्या असत्या तरी 281 रुपये 4 आणे. टीका मात्र भरपूर मिळाली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून तिची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक निघालं नाही. पुढे हे एकच पुस्तकही लोक विसरले, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. नव्वद वर्षांवर सस्पेन्स खात्यात.

मी मुलीला विचारलं, "ती लिहायची कुठे बसून?"

"तसं यात नाही," ती म्हणाली. "प्रस्तावनेत एवढंच कळतं की मराठमोळ्याच्या घरात कोंडून असलेली आहे."

म्हणजे खोली होती. बाहेर पडायची सोय नव्हती. वुल्फबाईंच्या खोलीला आतून कडी होती, इथे बाहेरून.

त्याच आठवड्यात आयकरासाठी घराच्या खर्चाची फाइल काढावी लागली. त्यात माझ्याच अक्षरात एक कागद: 'टेबल, सागवान, 22,000. सौ.कडून हातउसने.' तारीख पावणेदोन वर्षांपूर्वीची. परतफेडीची नोंद नाही. ज्या टेबलावर मी पेन्सिलींना टोकं काढत होतो ते फॉल-पिकोच्या पैशातून आलेलं होतं. दुसऱ्याच्या थकलेल्या हप्त्यांवर रोज शेरे मारणारा मी घरातला थकबाकीदार निघालो, आणि नोटीस न पाठवणारी अशी सावकार मी आमच्या बँकेत पाहिलेली नाही.

रविवारी आम्ही मशीन उचललं. गवंड्याला दोष देणार नाही, पण दार एक इंचानं लहान होतं. मशीनचा पाय सोडवावा लागला. टेबलावर आता कापड बेतायला जागा आहे. कपाटाच्या दोन खणांत गोधड्यांच्या चिंध्या रंगवार लावल्या आहेत आणि खरं सांगतो, विषयवार पुस्तकांपेक्षा बऱ्या दिसतात. हत्ती तिनं ठेवलाय, टेप गुंडाळायला. सौ. पहिल्या दिवशी खिडकीशी बसली, काळ्या कापडावर काळा दोरा घातला, आणि काही बोलली नाही. मी वाट पाहत उभा होतो. मग म्हणाली, "अहो, उजेड अडतोय."

पाटी काढायची राहिली आहे. गल्लीतल्या बायका हातात ब्लाउजपीस घेऊन येतात आणि मुलांना सांगतात, "काकू लेखनकक्षात आहेत का बघ." बावीस हजारांचे मी हप्ते पाडून मागितले. तिनं विचारलं, "व्याज?" मी म्हटलं, स्टाफचा दर लाव. ती म्हणाली, "बरं."

जिन्याखाली मी एकदा बसून पाहिलं. डोकं आपटलं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर लिहितो, रात्रीची भांडी झाल्यावर. हे परीक्षण तिथेच तीन रात्रींत झालं. चौथी रात्र लागली असती, पण उद्या सकाळी टेबलावर पापड वाळत घालायचे आहेत, सातच्या आत रिकामं करून मागितलंय.