तार विजेची, गाणं कुणाचं?

आपल्या पाचोडवरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. गाव सोडून कामाला निघालेल्या कितीतरी पिढ्या या रस्त्यानं गेल्या. अमेरिकेतही असाच एक रस्ता आहे, हायवे ६१. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून जाणारा. ऑगस्ट १९६५ मध्ये बॉब डिलननं आपल्या अल्बमला याच रस्त्याचं नाव दिलं, ‘हायवे ६१ रिव्हिजिटेड’.

सुरुवातीचा डिलन म्हणजे साधी गिटार, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन आणि चळवळीची गाणी. जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि काही श्रोत्यांनी हुर्यो केली. यानं लोकसंगीत विकलं, अशी ओरड झाली.

आम्हाला हे पटत नाही. का, ते बघा. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या मळ्यावरचा गायक. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटाच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्यानं विजेची घेतली. म्हणजे वीज ही आधी कष्टकऱ्यांच्या गाण्याची गरज होती. डिलनच्या अल्बमवरचा गिटारवादक माइक ब्लूमफिल्ड शिकागोतच, अशा कलावंतांना ऐकत तयार झाला. मग डिलननं लोक सोडले कुठे?

आमची तक्रार वेगळी आहे. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात गाणारा डिलन समूहासाठी गात होता. इथं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’मध्ये तो एका घसरलेल्या बाईला ‘आता कसं वाटतंय’ म्हणून डिवचतो. ‘आपण’ गेला, ‘तू’ आला. तोटा झाला तो इथं. पण एक मान्य करावं लागेल, सहा मिनिटांच्या त्या गाण्यात वाद्यं शब्दांवर चढत नाहीत. आवाज थांबतो तिथं गिटार बोलते. शेवटचं अकरा मिनिटांचं गाणं तर ड्रमशिवाय, साध्या गिटारवर आहे.

आता आपल्याकडे या. जयंतीच्या मिरवणुकीतला बँजो म्हणजे जपानी वाद्यावरून आलेलं बटणांचं बुलबुलतरंग. त्याला आपण वीज जोडली. डफ-तुणतुणं गेलं म्हणून हळहळणाऱ्यांना आम्ही एवढंच विचारतो: बँजोवर वामनदादा कर्डकांच्या गाण्याची चाल वाजते, तेव्हा शब्द कोण म्हणतं? मिरवणुकीतली माणसं म्हणतात, कारण ते त्यांना पाठ असतात. पुढच्या पिढीला ते पाठ नसले, तर नुसती चाल उरेल. तेव्हा दोष विजेला देऊ नका. पोरांना शब्द शिकवा, मग बँजो खुशाल वाजू द्या.