कुतुब संकुल : कमानीआधीचे हात

दिल्लीतल्या मेहरौलीतील कुतुब संकुलाविषयी आपल्याकडे सहसा दोनच सुरांत लिहिले जाते. एक सूर विध्वंसाचा, दुसरा संस्कृतिसंगमाचा. पहिल्याचा पुरावा मशिदीच्या पूर्व दरवाजावरच कोरलेला आहे. सत्तावीस देवळांचे साहित्य येथे वापरले, असे तो शिलालेख सांगतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या दोन्ही सुरांत बांधणाऱ्यांविषयी फारसे काही येत नाही, आणि वास्तूचा विचार तर तेथूनच सुरू व्हायला हवा.

कुतुबुद्दीन ऐबकाने 1190च्या दशकात मशीद उभारायला घेतली. देवळांचे खांब मशिदीच्या उंचीला पुरेनात, म्हणून एकावर एक चढवले गेले. आजही ओवरीतून चालताना हे सांधे दिसतात. घंटा, साखळ्या, पूर्णघट जागच्या जागी आहेत. मानवी आकृतींचे चेहरे मात्र छिन्नीने उडवलेले आहेत. पुढे 1199 साली प्रार्थनादालनासमोर कमानींची भिंत उभी राहिली. तिची मधली कमान सुमारे 16 मीटर उंच आहे. ती दिसते कमानीसारखी, पण तिची रचना कमानीची नाही. दोन्ही बाजूंचे आडवे थर थोडे थोडे पुढे सरकवत माथ्याशी मिळवले आहेत. सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या आपल्याकडच्या देवळांची छते ज्यांनी मान वर करून पाहिली आहेत, त्यांना हे तंत्र परके वाटणार नाही. मालकाला हवा होता तो आकार गवंड्यांनी दिला, पण आपल्या रीतीने. त्याच भिंतीवर अरबी अक्षरांच्या मागून वळसे घेत जाणारी वेल त्यांच्याच हातची आहे. इल्तुतमिशाने वाढवलेल्या भागात ही वेल आखडते आणि भूमितीची शिस्त वरचढ होते.

इल्तुतमिशाच्या कबरीत (सुमारे 1235) चौकोनावर घुमट बसवण्यासाठी कोपऱ्यांत कमानी काढल्या आहेत, पण त्याही सरकत्या थरांच्याच. तो घुमट आज नाही. पाचरीसारख्या दगडांची, एकमेकांच्या दाबावर तोललेली खरी कमान मेहरौलीतच बलबनाच्या कबरीत दिसते. 1311च्या अलाई दरवाजात ती पूर्ण आत्मविश्वासाने येते आणि तिच्यावरचा घुमटही टिकून आहे.

हा क्रम बहुतेक ग्रंथांत 'प्रगती' म्हणून मांडला जातो : अडाणी देशी गवंडी हळूहळू शिकत गेले. माझा आक्षेप येथे आहे. 1199ची कमान आठशेहून अधिक वर्षे उभी आहे. थर पुढे काढून एवढा गाळा पेलणारा माणूस अडाणी नव्हता. त्याचे ज्ञान वेगळ्या जातीचे होते. अलाउद्दीनाने मूळ मिनाराच्या दुप्पट उंचीचा मिनार योजला, त्याचा सुमारे 25 मीटरांचा गाभा तेवढा झाला. महत्त्वाकांक्षा सुलतानाची असली, तरी इमारत कारागिरांच्या बेतानेच वर चढते.

खुद्द मिनाराने याची साक्ष जपली आहे. 1368 साली वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचे मजले नव्याने बांधवले, त्यांत तांबड्या दगडासोबत संगमरवर आला. 72.5 मीटरांच्या या मिनारावर फारसी-अरबी लेखांचे पट्टे आहेतच, पण त्या दुरुस्तीचा विक्रम संवत 1425चा एक नागरी लेखही आहे. त्यात सुलतानाचे नाव आहे, विश्वकर्म्याच्या कृपेचा उल्लेख आहे आणि सूत्रधार म्हणून नाना साल्हा हे नाव आहे.

'कुव्वत-उल-इस्लाम', म्हणजे इस्लामचे सामर्थ्य, हे मशिदीचे रूढ नावही तपासून घ्यायला हवे. ते मशिदीच्या शिलालेखांत नाही. इतिहासकार सुनील कुमार यांनी दाखवून दिले आहे की जुन्या लेखनात 'कुब्बत-उल-इस्लाम', म्हणजे इस्लामचे आश्रयस्थान, हा शब्द दिल्ली शहरासाठी येतो. नाव बदलले की पाहणाऱ्याची नजर बदलते, आणि पुढचे सगळे वाद त्या नजरेने रंगतात.

यामुळे फोडलेली देवळे विसरता येत नाहीत, विसरूही नयेत. पण त्यांचे खांब उतरवून पुन्हा उभे करण्यात ज्या हातांचा वाटा होता, त्यांना या इतिहासात जागा न देणे हाही अन्यायच आहे. नाना साल्हाच्या आधीच्या पावणेदोनशे वर्षांतले गवंडी निनावी राहिले. त्यांचे म्हणणे वाचायचे असेल तर दगडांचे सांधे पाहावे लागतात.